घाटावर उचललेला भंडारा

मला त्या डॉक्टरचं वाटोळं झालेलं बघायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून क्षमा-बिमा असल्या गोष्टींची वाट बघायला नको. व्यसनमुक्ती केंद्रात रोज सकाळी आम्हाला गोल करून बसवायचे आणि विचारायचे, आज मनात काय आहे? बाकीच्या बायका म्हणायच्या, शांती आहे, समाधान आहे. मी म्हणायचे, डॉक्टर आहे. तिथल्या ताई हसून म्हणायच्या, आता त्याला सोडून द्या. मी मनात म्हणायचे, सोडते ना, एकदा हातात तर येऊ दे.

पुणे-नाशिक रस्त्याला त्याचं हॉस्पिटल होतं. तिथं मी कित्येक वर्षं स्टाफ नर्स होते. पेशंट उचलून उचलून माझी कंबर गेली, तेव्हा दुखणं मारायचं पहिलं इंजेक्शन त्यानंच मला दिलं. ‘घ्या सिस्टर, ड्युटी तर करावीच लागेल ना.’ पुढची मी माझी घेत गेले. कपाटाची चावी माझ्याचकडे असायची. मी घेत होते हे मी कधीच नाकारलं नाही. पण ज्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत सुईसकट सापडले, त्या दिवशी त्या माणसानं हॉस्पिटलातून तोवर गायब झालेल्या इंजेक्शनच्या सगळ्या पेट्या माझ्या माथी मारल्या. पेट्याच्या पेट्या! नर्सिंग कौन्सिलपुढे चौकशी झाली तेव्हा मी सांगून बघितलं, अहो साहेब, एवढं सगळं मी टोचून घेतलं असतं तर आज तुमच्यासमोर उभी राहिले असते का? त्यावर एक मेंबर म्हणाले, ‘सिस्टर, व्यसनातला माणूस असंच बोलतो.’ डॉक्टर शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता, जणू त्याच्याच घरात कुणी गेलंय. मी पेट्या विकल्या असंच सगळे धरून चालले.

माझी नोंदणी रद्द केली नाही, पण अटी घातल्या. वर्षभर एकाच हॉस्पिटलात, कुणा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचं. कुलपातल्या औषधांना हात लावायचा नाही. रात्रपाळी नाही. दर महिन्याला लघवी तपासायची आणि रिपोर्ट पाठवायचा. आणि जूनच्या आत असं हॉस्पिटल मिळालं नाही, तर नोंदणी गेली ती कायमचीच. दुसरं काही मला येत नाही. मला शीर सापडते. म्हातारी असो, तान्हं असो, अंधार असो, बोट ठेवलं की शीर सापडते. ते गेलं असतं तर मी नुसती एक सुया घेणारी बाई उरले असते.

डिंगोऱ्याला आईकडे राहत होते. नवरा आधीच हात झटकून मोकळा झाला होता. सकाळी आई भाकरी बांधून द्यायची आणि मी यष्टी पकडायचे. जुन्नर झालं, नारायणगाव झालं, मंचर झालं, घोडेगाव झालं. सगळीकडे एकच तऱ्हा. आधी हसून बसवायचे, अनुभव ऐकून खूश व्हायचे, मग मी अटी सांगितल्या की खुर्ची मागे सरकायची. नंतर नंतर तर तेही राहिलं नाही, कारण माझ्याआधी माझा फोटोच पोचलेला असायचा. डॉक्टर लोकांचा व्हॉट्सॅपवर ग्रुप, त्यात त्यानं टाकलेला. एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या पोरीनं मला बघितलं, फोनमध्ये बघितलं, परत मला बघितलं आणि म्हणाली, ‘सर नाहीत.’ सर मागच्या काचेतून मला दिसत होते, डबा खात होते. मंचरला एकानं मोठ्या मनानं सांगितलं, मावशी म्हणून ठेवतो, फरशी पुसा, भांडी द्या-घ्या. मी म्हटलं, तुमच्या मातोश्रींना ठेवा. तिथून बाहेर पडले आणि रस्त्यावर उभं राहून ढसाढसा रडले. रडता रडता शिव्या देत होते. तळपट होवो त्याचं, पाय मोडो, हात झडो. रसवाला माझ्याकडे बघत राहिला.

घरी आले की आई विचारायची, ‘काय झालं?’

‘काय व्हायचंय? काही नाही.’

‘मंग त्याला शाप देऊन काय उपेग? तो तिकडं बैल पळवितोय मजेत.’

तो बैलगाड्यांच्या शर्यतीच्या नादाचा होता, हे सगळ्या तालुक्याला माहीत. आमच्या नि शेजारच्या, दोन्ही तालुक्यांत एक यात्रा चुकवायचा नाही. हॉस्पिटलमध्ये पेशंट ताटकळत बसलेले आणि हा घाटावर, फेटा बांधून. त्याचा एक पांढरा बैल होता, त्याचा वाढदिवस केक कापून करायचे. ओपीडीत देवाच्या फोटोशेजारी त्या बैलाचा फोटो. आमच्याकडे ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मे महिना लागला तेव्हा डिंभ्याच्या अलीकडे एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला पहिल्यांदा कुणी पाणी विचारलं. तिथं एकट्या मॅडम डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी अटी ऐकल्या, माझ्या हाताच्या शिरा तपासल्या, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, ‘मला चालेल. चावी माझ्या गळ्यात असते, तशीही मी कुणाला देत नाही. धरणाकडच्या वाड्यावस्त्यांवरून बायका येतात, शीर सापडणारी बाई मला हवीच आहे. पण ट्रस्टच्या अध्यक्षांनी हो म्हणायला पाहिजे. ते तुझ्या डॉक्टरला ओळखतात. दोघांना बैलांचा नाद.’

माझं तोंडच उतरलं. झालं कल्याण, म्हटलं.

‘पुढच्या आठवड्यात आमच्या गावची यात्रा आहे. घाटाखाली आपलं प्रथमोपचाराचं टेबल असतं. तू बस. पेटीत चिंधी, मलम, साखर-मिठाची पाकिटं, बाकी काही नाही. अध्यक्षांना तुझं काम बघू दे. मग मी बोलते.’

यात्रेच्या दिवशी मी पांढरी साडी इस्त्री करून नेसले. घाट म्हणजे चढाची लांब वाट, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. खाली गाडा जुंपायचा, निशाण पडलं की पुढे घोडी, मागे बैल, आणि माथ्यापर्यंत जो कमी वेळात पोचेल त्याची बारी, म्हणजे फेरी, भारी. स्पीकरवरचा माणूस घसा फाटेस्तोवर ओरडत होता. माझं टेबल जुंपणीच्या जागेजवळ होतं, कारण लाथा तिथंच बसतात. सकाळपासून दोघांची नखं, एकाचा ओठ, आणि ऊन लागून पडलेला एक पावणा, एवढं मी निस्तरलं. अध्यक्ष दोनदा येऊन उभे राहिले. भरदार मिशांचा माणूस, कमी बोलणारा. दुसऱ्यांदा जाताना मॅडमना म्हणाले, ‘हात चांगला आहे.’ माझ्या जिवात जीव आला.

आणि मग डॉक्टर आला. फेटा, पांढरं कडक इस्त्रीचं, बोटात अंगठ्या. त्याला स्टेजवर पाहुणा म्हणून बसवलं होतं. वाटेत माझं टेबल लागलं. थांबला, मला वरून खाली बघितलं आणि अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मॅडमना म्हणाला, ‘आमच्याकडची सिस्टर ही. कामाला वाघीण आहे हो. फक्त चाव्या सांभाळा.’ आणि हसला. भोवतीचे चार जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण माझ्याकडे बघायचेही बंद झाले. मॅडम काही बोलायच्या आत सगळे स्टेजकडे गेले. मी पेटीतलं सामान परत एकदा लावायला घेतलं. गेली नोकरी, म्हटलं. जून समोर दिसत होता.

त्यानंतर थोड्या वेळानं एक म्हातारा टेबलाशी आला. डोक्याला लाल पटका, कपाळाला भंडारा, तळहात दाव्यानं सोलून निघालेला. धनगर होता. घरची मेंढरं गेल्यावर डॉक्टरच्या शेतावर बैल सांभाळायला राहिलेला. हॉस्पिटलात तो कधी यायचा नाही, त्यामुळे मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मी हात धुऊन मलम लावत होते आणि तो बैलाचं कौतुक सांगत होता. पांढरा बैल त्याच्यामागे बांधलेला होता, झूल घातलेला.

मी सहज बोलले, ‘मामा, मागच्या यात्रेला हा लंगडत होता असं ऐकलं. बरा झाला वाटतं?’

‘बरा कशाचा, ताई. फुडचा पाय धरलाय त्याचा. पर डाक्टर सुई देत्यात ना, आजबी दिलीया! सुई दिली की असा उधाळतो, तुमी बघाच. सरकारी जनावराच्या डाक्टरनं सकाळी तपासला, त्यालासुदिक कळलं न्हाई.’ मग त्यानं खिशातून फडकं काढलं, त्याची गाठ सोडली आणि माझ्यासमोर धरलं. ‘फायनलला लागंल म्हून ह्या माझ्यापाशी दिल्यात. तुमाला कळतंय म्हून इचारतो, उन्हानं नासत न्हाईत ना ह्या?’

फडक्यात काचेच्या चार बाटल्या होत्या. बोटाएवढ्या. मला वाचायची गरजच पडली नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, मानेवर घाम आला, कंबर एकदम दुखायला लागली. सगळं अंग म्हणत होतं, घे. त्याच क्षणी दुसरंही कळलं. माणसाला एक लागते, ह्या धुडाला चार लागतात. दर यात्रेला चार, सरावाच्या दिवशी चार. अस्सं! म्हणजे माझ्या नावावरच्या पेट्या ह्या बैलाच्या मानेत गेल्या होत्या. आणि हा मुडदा कौन्सिलपुढे मान खाली घालून बसला होता.

पांढऱ्या बैलाची बारी अजून व्हायची होती. मी उठले असते, मॅडमना बोलावलं असतं, तर बैल तिथल्या तिथं सुटला असता. सगळा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. आत्ता बोलले तर काय होईल? डॉक्टर म्हणेल, ठीक आहे, नाही पळवत. बैल टेम्पोत घालून घरी नेईल, आणि संध्याकाळपर्यंत लोक म्हणतील, ती चरसी बाई खुन्नस काढत होती. पण पळाल्यावर बोलले तर? सगळ्या घाटासमोर, घड्याळ लागल्यावर, लबाडीची बारी त्याच्या नावानं पुकारल्यावर?

‘नाही नासत, मामा,’ मी म्हटलं. ‘सावलीत ठेवा.’ आणि गाठ माझ्या हातानं बांधून दिली.

बैल पळाला. खोटं का बोलू, असा पळ मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. स्पीकरवाला वेडा झाला, लोक टोप्या उडवायला लागले, स्टेजवर डॉक्टर खुर्चीवर चढून फेटा फिरवत होता. गाडा निशाणाच्या पार गेला. आणि तिथं, थांबताना, तो पांढरा बैल पुढच्या गुडघ्यावर आला, उठला, परत पडला. खालपर्यंत आवाज नाही आला, पण वरची माणसं एकदम मागे सरली. मी पेटी घेऊन चढावरून पळत सुटले. पाय मधूनच वाकडा झाला होता. औषधाच्या अमलात त्याला तेही कळत नव्हतं, तो त्याच पायावर उभा राहायला बघत होता. म्हातारा त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होता.

डॉक्टर धापा टाकत आला. ‘खड्डा होता, खड्डा! घाट नीट केला नाही तुम्ही,’ असं अध्यक्षांवरच ओरडायला लागला.

आता मी बोलले. सरकारी पशुवैद्य, अध्यक्ष, मॅडम, सगळे तिथंच होते. म्हटलं, ‘खड्डा नाही. पाय आधीच गेलेला होता. सुया मारून पळवलाय ह्यानं. माणसांच्या सुया, ह्याच्याच हॉस्पिटलातल्या.’

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ‘ए, ही तीच न्हवं का, सुया घेणारी?’

‘मामांचा खिसा बघा,’ मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं फडकं काढलं. त्याला अजून काही कळत नव्हतं. डॉक्टरचा चेहरा एकदा पांढरा पडला, पण माणूस हुशार. लगेच म्हणाला, ‘बघा! म्हणजे हिनंच दिल्या त्याला! मघाशी टेबलाशी बसवून ह्याच्याशी गुलुगुलु बोलत होती ना? हिचा धंदाच तो. मॅडम, पोलिसांना बोलवा.’ आणि खरंच, चार माणसं म्हणाली, हो, बोलत होती, गाठ हिनंच बांधून दिली. नोकरी तर गेलीच, आता नोंदणीही गेली आणि वर तुरुंग, असं मला स्वच्छ दिसलं. मॅडम माझ्या डोळ्यांत बघत होत्या, बॅटरी मारली होती तशाच.

अध्यक्षांनी हात वर केला. ‘भंडारा आणा,’ म्हणाले.

पालखीजवळून ताट आलं. आमच्याकडे घाटावरचं भांडण पोलिसांत जात नाही. खंडोबाचा भंडारा उचलून बोलायचं. उचलून खोटं बोललेल्या माणसाची दावण रिकामी होते, असं मानतात. म्हाताऱ्यासमोर ताट धरलं. त्यानं सोललेल्या हातानं चिमूट उचलली, रडतच बैलाच्या पाठीवर दुसरा हात ठेवला. ‘डाक्टरांनी दिल्या. पैल्यापास्नं तेच देत्यात. ताईला म्या नुसतं दावल्या.’

ताट डॉक्टरपुढे गेलं. तो म्हणाला, ‘मी सायन्सचा माणूस आहे. असल्या अंधश्रद्धा मी मानत नाही.’

‘मंग मघाशी बैलाच्या कपाळाला मळवट भरला तवा सायन कुठं गेलं व्हतं?’ मागून एक बाई ओरडली. लोक हसले नाहीत. ते पुढे सरकले. डॉक्टरचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. माझ्या जन्मात मी त्या हातासारखं गोड काही बघितलं नाही. माझ्यावर खोटं लिहून देताना तो हात थरथरला नव्हता. एका चिमटीपुढे थरथरला. फेटा कुणी उडवला कळलं नाही. दोन्ही तालुक्यांतल्या कुठल्याही घाटावर ह्याचा गाडा जुंपू द्यायचा नाही, असं स्पीकरवरून पुकारलं. फेटा पायाखाली, अंगभर धूळ, आणि तो गर्दीतून गाडीपर्यंत गेला तेव्हा कुणी वाट दिली नाही, ढकलत ढकलत नेला. मी एकूण एक गोष्ट बघून घेतली. पोट भरून.

मग अध्यक्षांनी ताट माझ्यापुढे केलं. मी भंडारा उचलला आणि म्हटलं, ‘बैलाचं सांगितलं ते खरं. आणि माझ्या नावावर लावलेल्या पेट्यांचंही.’

‘पेट्यांचं नंतर बघू,’ ते म्हणाले. ‘आधी बैल.’

पेट्यांचं अजूनही कुणी बघितलेलं नाही. कौन्सिल भंडारा मानत नाही. एक बाई आयुष्यातून उठली तेव्हा ह्या दोन तालुक्यांत कुणाचा घास अडला नव्हता, एका बैलाचा पाय गेला तर अख्खा घाट उठला. पण अध्यक्ष जाताना मॅडमना म्हणाले, ‘ठेवा हिला. बैलाचं खरं बोलली.’ जूनच्या आत मॅडमनी सही करून दिली. मी आता तिथंच आहे, चावी मॅडमच्या गळ्यात आहे आणि महिन्याचा रिपोर्ट कोरा येतो.

त्या संध्याकाळी बैलाला टेम्पोत चढवायला वीस माणसं लागली. पशुवैद्यानं मान हलवली होती, काही होण्यासारखं नव्हतं. औषधाचा अंमल उतरला होता आणि तो ओरडत होता. म्हातारा फळीला धरून उभा होता. मी त्याच्या हाताची पट्टी बदलायला गेले. घाण झाली होती.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘बारीच्या आधी तुमाला बाटल्या दावल्या व्हत्या. तवाच का न्हाई बोलला?’

‘कुणी विश्वास ठेवला नसता, मामा. मला सगळे चोर म्हणतात.’

‘म्या ठिवला असता,’ तो म्हणाला. ‘दावं माझ्याच हातात व्हतं.’